‘वर्थ’ : एका शब्दाचें मोल

इंग्लंडांत एखाद्या गृहस्थाविषयीं ‘त्याचें वर्थ किती?’ असा प्रश्न निघाला म्हणजे उत्तर पौंडांत येतें. परंतु त्याच गृहस्थाला मोठ्या वर्थचा मनुष्य म्हटलें, तर तेथें पौंडांचा संबंध राहात नाहीं. त्याची सचोटी, त्याचें औदार्य, त्याचें शील अभिप्रेत असतें. मराठींत पहिल्यास किंमत म्हणावें व दुसऱ्यास योग्यता म्हणावें, अशी सोय आहे. इंग्रजीनें दोहोंचें ओझें एकाच शब्दावर घातलें, आणि तेथील थोर ग्रंथकारांनीं या अडचणीचा पुरता लाभ उठविला.

हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजींतला. जर्मन ‘वेर्ट’ हा त्याचा भाऊबंद. देवाच्या उपासनेला इंग्रज ‘वर्शिप’ म्हणतो, तें मुळांत ‘वर्थ-शिप’, म्हणजे थोरपणा, मान. मॅजिस्ट्रेटास ‘युअर वर्शिप’ म्हणत तें या जुन्या अर्थानें. कोणी त्याची आरती करीत नसे. मराठीचा कोश रचणाऱ्या मोल्सवर्थ साहेबांच्या नांवांत ‘मोल’ आणि ‘वर्थ’ शेजारीं शेजारीं बसलेले पाहून गंमत वाटते खरी, पण तो निव्वळ योगायोग. अशा नांवांतला ‘वर्थ’ हा निराळाच जुना शब्द असून त्याचा अर्थ कुंपण घातलेली वस्ती असा आहे.

‘वर्थ’चें विशेषण ‘वर्दी’. पोलिसांच्या वर्दीशीं त्याचें नातें नाहीं. चॉसर कवीनें आपल्या कँटरबरीच्या कथा सुमारें १३८७ सालीं रचावयास घेतल्या. त्यांच्या प्रस्तावनेंत यात्रेकरूंचीं जीं चित्रें त्यानें काढलीं आहेत, त्यांत सर्वांत आधीं येतो तो सरदार. पंधरा लढाया पाहिलेला, चिलखताच्या डागांनीं मळलेला अंगरखा घालून यात्रेस निघालेला हा वीर. त्याला कवि पुनःपुन्हा ‘वर्दी’ म्हणतो, आणि तें ऐकणाऱ्यास पटतें. पण थोडें पुढें जावें तों हेंच विशेषण हुबर्ड नांवाच्या भिक्षेकरी साधूला लागतें. महारोग्यांशीं ओळख ठेवणें हें अशा ‘वर्दी’ मनुष्यास शोभत नाहीं, असें कवि अगदीं गंभीर मुद्रेनें सांगतो! मग व्यापारी येतो. तोही ‘वर्दी’, मात्र तो कर्जांत बुडालेला आहे हें कोणास ठाऊक नाहीं. पांच नवरे केलेली बाथची बाई, तीही जन्मभर ‘वर्दी’. चॉसरनें शब्द बदललेला नाहीं, फक्त तो एकामागून एक निरनिराळ्या खांद्यांवर ठेवला. हा कवि दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा, आणि लंडन बंदरांत लोंकरीच्या जकातीवर बारा वर्षें अधिकारी होता. खरें वजन आणि सांगितलेलें वजन यांतील तफावत त्याच्या रोजच्या पाहण्यांतली असली पाहिजे.

पुढें दोन शतकांत लंडन ही मोठी बाजारपेठ झाली. १५७१ सालीं एलिझाबेथ राणीनें तेथें व्यापाऱ्यांचें ‘रॉयल एक्स्चेंज’ उघडलें, आणि शेक्सपिअरचीं नाटकें पाहावयास येणाऱ्या लोकांच्या कानांत भावताव घुमत होते. १६०८ सालीं छापून निघालेल्या त्याच्या ‘किंग लिअर’ नाटकाचा आरंभ आठवावा. म्हातारा राजा राज्याच्या वांटण्या करीत आहे आणि मुलींना विचारतो आहे, कीं माझ्यावर कोणाचें प्रेम अधिक? थोरली बोलून गेल्यावर मधली रीगन म्हणते, कीं मी बहिणीच्याच धातूची आहें, तिच्याच ‘वर्थ’नें मलाही जोखा. प्रेम सांगतांना तिला शब्द सुचतो तो सराफकट्ट्यावरचा. धाकटी कॉर्डीलिआ भाव बोलत नाहीं. तेव्हां बापच तिला मागणी घालावयास आलेल्या राजपुरुषांसमोर म्हणतो, कीं हिची किंमत आतां उतरली. एक वर तेवढ्यावर माघार घेतो. फ्रान्सचा राजा मात्र ही मुलगी स्वतःच हुंडा आहे, असें म्हणून तिचा हात धरतो. सारें पुढचें दुःख या एका चुकलेल्या तोलांतून निघतें.

हाच वाद शेक्सपिअरनें ‘ट्रॉयलस आणि क्रेसिडा’ या नाटकांत उघडपणें मांडला आहे. तें १६०९ सालीं छापलें गेलें. वाचलें मात्र फार थोडें जातें, ही खेदाची गोष्ट. हेलेनला ग्रीकांकडे परत पाठवावें कीं नाहीं, असा ट्रॉयच्या दरबारांत खल चालला आहे. हेक्टर म्हणतो, तिला ठेवून घेण्यास जो खर्च पडतो, तेवढें तिचें वर्थ नाहीं. धाकटा ट्रॉयलस उसळून विचारतो, कीं आपण देऊं त्याहून वेगळी किंमत कोणत्या वस्तूला असते? हेक्टरचें उत्तर असें, कीं मोल केवळ घेणाऱ्याच्या लहरींत राहात नाहीं. वस्तूच्या अंगींही तें असावें लागतें. युक्तिवाद हेक्टर जिंकतो, आणि तरी शेवटीं तोच धाकट्याच्या बाजूला जातो. कारण आतां प्रश्न इभ्रतीचा झालेला असतो. ट्रॉय जळालें तें कसें, हें सर्वांस ठाऊक आहे.

१६४९ सालीं इंग्रजांनीं आपल्या राजाचें मस्तक उडविलें, आणि दोन वर्षांनीं हॉब्जचा ‘लेव्हायथन’ प्रसिद्ध झाला. त्यांत तो बेधडक सांगतो, कीं इतर वस्तूंप्रमाणें मनुष्याचेंही वर्थ म्हणजे त्याची किंमत. त्याच्या शक्तीचा उपयोग करून घेण्यास दुसरा जें देईल तें. सेनापति युद्धांत महाग, शांततेंत स्वस्त. मात्र त्याच प्रकरणांत त्यानें ‘वर्दीनेस’ निराळा काढला आहे. एखाद्या कामास लागणारी विशेष पात्रता, असा तो त्याचा अर्थ करतो. ही पुस्ती त्याच्या टीकाकारांनीं फारशी लक्षांत घेतलेली दिसत नाहीं. पुढें बटलरनें ‘ह्यूडिब्रास’ या विनोदी काव्यांत, विकून जितका पैसा येईल तितकेंच वर्थ, असा चिमटा काढला. त्यांतला विनोद इतका सोपा होता, कीं पुष्कळांनीं तो व्यवहाराचा नियम म्हणून उचलला.

१७३८ सालीं सॅम्युएल जॉन्सन हा अठ्ठावीस वर्षांचा, राजधानींत नवखा आणि जवळजवळ निष्कांचन होता. ‘लंडन’ नांवाचें आपलें काव्य त्यानें त्या सालीं निनांवी छापविलें. दारिद्र्यानें दडपलेलें वर्थ वर येण्यास फार काळ लागतो, अशा अर्थाची त्यांतली एक ओळ मुद्दाम मोठ्या अक्षरांत छापली होती. काव्याबद्दल प्रकाशक डॉड्स्ले यानें त्याला दहा गिनी दिल्या. त्याहून कमी घेण्यास जॉन्सन तयार नव्हता. त्याचें कारण त्यानेंच पुढें बॉस्वेलला सांगितलें : पॉल व्हाइटहेड नांवाच्या कवीस नुकत्याच एका काव्याच्या दहा गिनी मिळाल्या होत्या, आणि व्हाइटहेडपेक्षां कमी घेणें त्याला मंजूर नव्हतें.