थ्रेड : मॅग्नम काडतुसाचा पट्टा, गरज आणि सवय

१/
मोठ्या शिकारी रायफलींच्या काही काडतुसांच्या बुडाशी पितळेचाच एक उंचवटा असतो. कमरेला पट्टा बांधावा तसा. ‘मॅग्नम’ म्हणजे पट्टा, आणि पट्टा म्हणजे बळकटी, अशी समजूत विसाव्या शतकात रूढ झाली. वास्तविक या पट्ट्याचा बळकटीशी संबंध नव्हता. तो कशासाठी आला आणि गरज ओसरल्यावरही का टिकला, याचा हा इतिहास.

२/
काडतूस चेंबरमध्ये किती खोल जावे, हे कोठेतरी ठरावे लागते. ते जास्त पुढे गेले, तर पुंगळीचे बूड आणि बोल्ट यांत पोकळी राहते. काडतूस जेथे अडते ती जागा आणि बोल्ट यांतील अंतर म्हणजे ‘हेडस्पेस’. जुन्या काडतुसांत बुडाची रुंद कड चेंबरच्या तोंडाशी अडे आणि हे अंतर राखी. दुनळी रायफलीत ही रचना उत्तम चाले. बोल्ट-ॲक्शन रायफलीच्या मॅगझिनमध्ये मात्र एकावर एक रचलेल्या काडतुसांच्या कडा परस्परांत अडकत.

३/
कड नसलेल्या काडतुसात हेच काम ‘खांदा’ करतो. खांदा म्हणजे पुंगळी मानेकडे अरुंद होते तो उतार. परंतु ब्रिटिश बंदूककारांपुढे आणखी एक अडचण होती. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी १८८९ मध्ये सिद्ध केलेले कॉर्डाइट शेवयांसारख्या लांब काड्यांच्या रूपात भरले जाई, आणि उष्ण हवेत त्याचा दाब वाढे. हिंदुस्थान वा आफ्रिकेच्या उन्हात पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसली, तर जखमी जनावरासमोर दुसरा बार काढणे अशक्य होई.

४/
लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम आणले. त्याची पुंगळी लांब आणि निमुळती होती. अशी पुंगळी किंचित मागे ओढताच चेंबरच्या भिंतीपासून सुटते. मात्र या आकारात खांदा अगदी सौम्य राहिला आणि त्यावर हेडस्पेसची भिस्त ठेवणे धोक्याचे होते. म्हणून याच पेढीने काही वर्षे आधी वापरलेला पट्टा येथे आला. पट्ट्याची पुढची धार चेंबरमधील पायरीवर टेकते. कडेचे काम झाले आणि कडेची अडचण टळली.

५/
पुढे हेच काडतूस .३०० व्यासात उतरले आणि १९२५ पासून अमेरिकेत ओळखले जाऊ लागले. १९३५ मध्ये बेन कम्फर्ट यांनी कॅम्प पेरी येथे १,००० यार्डांची विम्बल्डन कप स्पर्धा याच काडतुसाने जिंकली. १९३७ मध्ये विंचेस्टरची ‘मॉडेल ७०’ रायफल .३०० आणि .३७५ या दोन्ही मॅग्नममध्ये उपलब्ध झाली.

६/
कॅलिफोर्नियाच्या रॉय वेदरबी यांनी १९४० च्या दशकात या पुंगळीच्या भिंती जवळपास सरळ केल्या, अधिक दारू बसवली आणि खांदा ठसठशीत केला. आता खांदा हेडस्पेस सांभाळू शकत होता. तरीही मूळ पुंगळीबरोबर आलेला पट्टा तसाच राहिला. रेमिंग्टनचे ७ मिमी मॅग्नम (१९६२) आणि विंचेस्टरचे .३०० मॅग्नम (१९६३) याच वाटेने आले. एक अपवाद नोंदवायला हवा : १९५६ च्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमला खांदाच नाही. तेथे पट्टा खरोखर आवश्यक आहे.

७/
याच काळात अमेरिकेत घरी काडतुसे भरण्याचा छंद पसरला. महायुद्धातून उरलेली लष्करी दारू ब्रूस हॉजडन यांनी विक्रीस आणली. फ्रेड हंटिंग्टन यांच्या आरसीबीएससारख्या कंपन्यांनी प्रेस आणि डाय पुरवले. गोळी, दारू आणि प्रायमर एकदाच कामी येतात. पितळी पुंगळी मात्र पुन्हा वापरता येते. आणि येथेच पट्ट्याचा दोष उघड झाला.

८/
बार होताच पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. नंतर ती थोडी आकसते, पण मूळ मापावर येत नाही. म्हणून ती डायमध्ये दाबून पूर्ववत करावी लागते. डाय पूर्ण खाली उतरवली, तर खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो. त्यातच पट्टा हेडस्पेस सांभाळतो म्हणून कारखान्यांनी खांद्यापुढे चेंबरमध्ये सैल जागा सोडलेली असे.

९/
पुढच्या बाराला फायरिंग पिनचा आघात पुंगळीला पट्टा अडेपर्यंत पुढे लोटतो. दाब वाढताच पुढच्या पातळ भिंती चेंबरला घट्ट धरतात आणि जाड बूड मागे बोल्टकडे सरकते. ताण पडतो तो पट्ट्याच्या किंचित पुढे. दर खेपेस तेथील पितळ पातळ होते. बाहेर चमकदार कडे दिसते, आत खोबण पडते. शेवटी पुंगळीचे दोन तुकडे होतात. तप्त वायू मागे फुटला, तर नेमबाजाचे डोळे धोक्यात येतात.

१०/
यावर अनुभवी मंडळींनी काढलेला तोडगा म्हणजे पट्ट्याकडे दुर्लक्ष करणे. त्याच रायफलीत उडालेल्या पुंगळीचा खांदा मोजायचा आणि डाय अशी बसवायची, की तो इंचाच्या एक-दोन सहस्रांशापलीकडे मागे जाऊ नये. टोक वाकवलेली तार आतून फिरवून खोबण चाचपायची. ती लागली की पुंगळी मोडीत. पट्ट्यालगत साधी डाय पोहोचत नाही असा फुगवटा उरतो. त्यासाठी पुढे वेगळी कॉलेट डाय आली.

११/
१९९९ मध्ये रेमिंग्टनने .३०० अल्ट्रा मॅग्नम आणले ते पट्ट्याविना. त्याचा आधार होता .४०४ जेफरी, विसाव्या शतकाच्या आरंभीचे, खांद्यावर टेकणारे ब्रिटिश काडतूस. म्हणजे पट्ट्याला पर्याय पट्ट्याच्याच काळात अस्तित्वात होता. कॉर्डाइट गेले, निमुळती भिंत गेली, तरी बाजारातील ओळख म्हणून पट्टा अनेक दशके टिकला. आणि त्याची किंमत हातात पातळ झालेली पुंगळी धरून बसणाऱ्याने मोजली.

(समाप्त)