‘स्थळ : रस्ता’
संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती अनुवादासाठी उघडल्या की रंगसूचना फार तोकड्या वाटतात. ‘स्थळ : रस्ता’, ‘स्थळ : अरण्य’, आणि लगेच संवाद. नाटककार आळशी नव्हते. रस्ता कसा दिसतो हे सांगण्याचे काम पडद्याचे होते. कंपनीकडे रस्त्याचा, महालाचा, जंगलाचा पडदा असे आणि तोच अनेक नाटकांना चाले. संहितेचा अर्धा भाग कागदावर, अर्धा कापडावर. ग्रंथालयांनी जपला तो कागद.

कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी १९१०च्या दशकात मराठी संगीत कंपन्यांसाठी, तसेच पारशी-गुजराती रंगभूमीसाठी पडदे रंगवले. आनंदराव १९१६मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे ‘सैरंध्री’ (१९२०) काढला, आणि तेव्हापासून हे पडदे चित्रपटाच्या इतिहासात प्रस्तावनेपुरते येतात. मला ते खटकते.

पडदा टिकवणे कठीण का, याचे उत्तर रंगातच आहे. सरसाच्या पाण्यात पुडीचे रंग कालवून पडदे रंगवण्याची पद्धत जगभर रूढ होती. रंग लवकर वाळतो, दिव्यांखाली चमकत नाही. पण पाणी लागले की पुन्हा विरघळतो, दमट हवेत बुरशी धरतो आणि सरस म्हातारा झाला की भुकटी होऊन झडतो. त्यावर व्हार्निश फिरवावे, तर सकाळचे आकाश तिन्हीसांजेचे होते. म्हणून संवर्धक अतिशय पातळ चिकटद्रव्य धुक्यासारखे फवारतात, वीतभर जागेवर, पुन्हा पुन्हा.

स्वीडनमधील ड्रॉटनिंगहोमचे राजनाट्यगृह १७६६चे. १७९२मध्ये राजा तिसरा गुस्ताव मारला गेला, खेळ थांबले, आणि १९२१मध्ये आग्ने बेयर यांना तिथे अठराव्या शतकातले सुमारे तीस देखावे सापडले. विस्मरणानेच ते वाचवले. आता प्रयोगांत त्यांच्या प्रतिकृती वापरतात. (प्रतिकृतीला नाक मुरडणाऱ्यांनी अनुवादही वाचू नयेत.) आपल्या कंपन्यांना असे विस्मरण परवडणारे नव्हते. पडदा रोज लोंबे, गुंडाळला जाई, गावोगाव फिरे, फिका पडला की त्यावरच नवा हात फिरे. बोलपटांनी कंपन्या बुडवल्यावर तो नुसते मोठे कापड उरला.

तरी एखाद्या नाट्यगृहाच्या माळ्यावर असे कापड निघालेच, तर ते धुऊ नये, घडी घालू नये. जाड नळीवर, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळावे. आणि त्याआधी मापपट्टीसह त्याची छायाचित्रे घ्यावीत, मागच्या बाजूचीसुद्धा.