बातमीचे दोन उंबरठे

१८७० साली लंडनची रॉयटर, पॅरिसची हावास आणि बर्लिनची वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी करार करून सारे जग आपसात वाटून घेतले. ब्रिटिश साम्राज्याबरोबर हिंदुस्थान रॉयटरच्या वाट्याला गेला. पुढे तो करार संपला, साम्राज्येही गेली. तरी १९७० च्या दशकातही जगभरच्या बहुतांश बातम्या लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथल्या चार वृत्तसंस्थांच्याच हातून जात होत्या.

विकसनशील राष्ट्रांनी याविरुद्ध आवाज उठवला तो न्याय्यच होता. १९७५ साली युगोस्लाव्हियाच्या तान्युग या वृत्तसंस्थेने पुढाकार घेऊन अलिप्त राष्ट्रांचा 'न्यूज पूल' सुरू केला. जुलै १९७६ मध्ये या राष्ट्रांच्या माहितीमंत्र्यांची परिषद दिल्लीत भरली. आणि त्याच दिल्लीत तेव्हा आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, देशातल्या चार वृत्तसंस्था सरकारने एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था केली होती!

युनेस्कोने नेमलेल्या शॉन मॅकब्राइड आयोगाने १९८० साली अहवाल दिला. आयोगावर कोलंबियाचे गाब्रिएल गार्सिया मार्केस होते, भारताचे बी. जी. वर्गीस होते. बातम्यांचा प्रवाह एकतर्फी आहे, आणि हा एकतर्फीपणा देशादेशांत आहे तसा एकेका देशाच्या आतही आहे, असे या अहवालाने मान्य केले. त्यातला पहिला भाग सरकारांनी उचलून धरला. दुसरा भाग तसाच पडून राहिला. पुढे अमेरिका १९८४ अखेर आणि ब्रिटन १९८५ अखेर युनेस्कोतून बाहेर पडले. युनेस्कोचा पैसा आटला आणि नव्या माहितीव्यवस्थेची भाषाही थंडावली.

हा दुसरा भाग आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या, काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात तो मांडला होता. परदेशी माणसाला अस्पृश्यांची बाजू का कळत नाही? अस्पृश्यांना स्वतःची वृत्तपत्रे नाहीत आणि बातम्या पुरवणाऱ्या असोसिएटेड प्रेस ऑफ इंडियाचा सारा नोकरवर्ग मद्रासी ब्राह्मणांचा आहे, हे कारण त्यांनी नेमके दाखवले. ही संस्था रॉयटरच्या मालकीची होती. म्हणजे अस्पृश्याच्या बातमीला दोन उंबरठे ओलांडावे लागत: पहिला सवर्णाचा, दुसरा साहेबाचा. १९४९ मध्ये पीटीआयने तिचे काम हाती घेतले आणि साहेबाचा उंबरठा निघाला. पहिल्याचे काय झाले?

१९९६ मध्ये एका परदेशी बातमीदाराने बी. एन. उनियाल या पत्रकाराकडे दिल्लीतल्या एखाद्या दलित पत्रकाराचे नाव मागितले. उनियालांनी पुष्कळ शोध घेतला. त्यांना एकही सापडला नाही.

त्यानंतर जिनिव्हा (२००३) आणि ट्युनिस (२००५) येथे माहिती समाजावर जागतिक शिखर परिषदा झाल्या. इंटरनेटचा कारभार कोणाच्या हाती असावा यावर वाद झडले. निर्वासित, अल्पसंख्य, भटके यांच्याकडे विशेष लक्ष देण्याचे ठरले. पण लक्ष द्यायचे कोणी? ज्या त्या सरकारनेच.

राष्ट्राला आवाज मिळाला म्हणजे त्यातल्या प्रत्येकाला मिळाला, हे गृहीतच खोटे आहे. पाश्चात्त्यांच्या मक्तेदारीविरुद्ध आपण लढलेच पाहिजे. मात्र 'देशाचा आवाज' असे कोणी म्हणाले, की बोलतो आहे तो कोण, हे आधी विचारले पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तो कोणत्याही परिषदेच्या ठरावाची वाट पाहत बसला नव्हता.