क्रेन नसताना गाडीचं इंजिन घरी उतरवताय? आधी टांगायची जागा तपासा

अहिल्यानगर : जीप किंवा जुनी कार धूर मारायला लागली, ऑईल खायला लागली की मिस्त्री सांगतो, इंजिन कामाला आलंय. अशा वेळी पाथर्डी, शेवगाव, अकोल्याच्या वाडीवस्तीवरून अख्खी गाडी टोचन करून शहरात न्यायची म्हणजे भाडं आणि गॅरेजमधले मुक्काम आले. त्यापेक्षा वस्तीवरच इंजिन उतरवून, पिकअपमध्ये टाकून बोअरिंगवाल्याकडे न्यायचं, असं अनेक जण करतात. काम न जमण्यासारखं नाही. नटबोल्ट खोलणं गावातल्या पोरांना येतं. घात होतो तो उचलताना.

फांदीवर वजन दुप्पट येतं

जुन्या डिझेल जीपचं इंजिन दोनशे किलोच्या पुढे भरतं. बहुतेकांना वाटतं, दोनशे किलो म्हणजे चार पोती, लिंबाची फांदी सहज पेलेल. फांदीला साधी कप्पी बांधली, नाडा ओवला आणि तिघांनी खाली ओढायला सुरुवात केली, तर एका बाजूला दोनशे किलो इंजिन आणि दुसऱ्या बाजूला दोनशे किलोची ओढ. फांदीवर भार येतो चारशे किलोचा. त्यात कोणी हिसका दिला की आणखी वाढतो. शिवाय एकाचा हात सुटला की बाकीच्या दोघांना ते धरवत नाही.

चेन कप्पीचं तसं नाही. तिच्यात दातेरी चक्रं असतात, त्यामुळे हाताची ओढ थोडी लागते आणि वरच्या आधारावर इंजिनाच्या वजनापेक्षा फार जास्त भार येत नाही. हातातली साखळी सोडली तरी आतला ब्रेक माल जागेवर धरून ठेवतो. एक टनाची चेन कप्पी या कामाला पुरते. मात्र हुकाचं तोंड उघडलेलं नको, हुकाची पट्टी शाबूत हवी आणि थोडं वजन उचलून दहा मिनिटं थांबून बघावं. सरकत असेल तर ती कप्पी परत द्यावी.

झाडच वापरायचं असेल तर खोडाजवळची, मांडीएवढी जाड, ओली फांदी निवडावी. वाळवी लागलेली किंवा पोकळ वाजणारी नको. शेवग्याचं तर नावच काढू नये, ती फांदी न वाकता कडकन मोडते. पत्र्याच्या शेडचा अँगलही असाच फसवा. तो पत्र्याचं वजन आणि वारा धरायला बसवलेला असतो, मधोमध इंजिन टांगायला नाही. तो वाकला तर इंजिन खाली येतंच, वर पत्रेही येतात.

बोअरवाल्याचा घोडा

सगळ्यात भरवशाचं साधन गावातच असतं. बोअरमधली मोटार काढणाऱ्यांकडे लोखंडी पाइपांचा तीन पायांचा घोडा आणि चेन कप्पी असते. पाइप आणि पाण्यासकट मोटार वर ओढणारा घोडा जीपचं इंजिन आरामात उचलतो. उन्हाळ्यात तो मिळायला जड, बाकी वेळी भाड्याने मिळून जातो.

घोडा उभा करताना जमीन बघावी लागते. काळ्या रानात पाय रुततात, एक पाय जास्त रुतला की घोडा कलंडतो. प्रत्येक पायाखाली जाड फळी टाकावी. कोब्यावर किंवा फरशीवर उलटं होतं, पाय बाहेर सरकतात. तिथे तिन्ही पाय खालून साखळीने एकमेकांना बांधून घ्यावेत. दोन्ही ठिकाणी घोड्याचा शेंडा इंजिनाच्या बरोबर वर आला पाहिजे.

आता खरी गोम. घोडा सरळ खाली येणारं वजन पेलतो, बाजूची ओढ त्याला सोसत नाही. म्हणून इंजिन वर आल्यावर ते पुढे ओढायचं नाही. इंजिन जागेवर लटकतं ठेवायचं आणि गाडी मागे ढकलायची. त्यासाठी गाडीची चाकं आधीपासून मोकळ्या, सपाट जागेवर हवीत, मागे उतार नको आणि घोड्याचे पाय गाडीच्या वाटेत यायला नकोत. हे आधी न बघितल्यामुळे इंजिन अधांतरी आणि गाडी पायाला अडलेली, अशी पंचाईत होते. गाडी निघाली की इंजिन लगेच खाली, टायरवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उतरवावं. लटकतं ठेवून चहाला जाऊ नये.

काही जण जेसीबीच्या बकेटला साखळी अडकवतात. चालतं, पण साखळी बकेटच्या दातावर नुसती टाकलेली नको, ती घसरते. ऑपरेटरने सीट सोडायची नाही. ट्रॅक्टरच्या लिफ्टला लांब दांडा लावून उचलणारेही आहेत. लिफ्ट हजार-दीड हजार किलो उचलते ही गोष्ट लिफ्टच्या टोकापुरती खरी. दांडा जेवढा लांब तेवढी ताकद कमी, आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायला लागतात.

साखळी कुठे अडकवायची

बहुतेक इंजिनांवर कंपनीने उचलायची कडी दिलेली असतात, एक पुढे आणि एक मागे. तीच वापरावीत. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला किंवा पाइपांना साखळी गुंडाळू नये. जनावराचं दावं आणि नायलॉनची दोरी इथे नको, ऑईल लागलं की गाठ सरकते.

दोन कड्यांमधली साखळी आखूड ठेवण्याची चूक फार जण करतात. साखळी लांब, वर टोकदार त्रिकोण झाला तर दोनशे किलोसाठी प्रत्येक बाजूला एकशे पंधरा किलोच्या आसपास ताण येतो. तीच साखळी आखूड होऊन पसरट झाली, दोन बाजूंमधला कोन १२० अंशांचा झाला, की प्रत्येक बाजूवर पूर्ण दोनशे किलो. कडी वाकतात ती अशी.

खोलताना

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी. पाणी, ऑईल काढून रेडिएटर बाहेर घ्यावा, नाहीतर पंख्याने जाळी फाटते. बोनेट काढून ठेवावं. वायरींचे, पाइपांचे मोबाईलवर फोटो काढावेत, बोल्ट शक्यतो ज्या त्या भोकात परत लावून ठेवावेत. सायलेन्सरच्या गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच डिझेल सोडावं. एसी असेल तर गॅसचे पाइप न खोलता कॉम्प्रेसर बाजूला बांधून ठेवावा.

जीप, बोलेरोसारख्या गाडीत गिअरबॉक्स जागेवर ठेवून नुसतं इंजिन काढायचं असेल तर गिअरबॉक्सच्या तोंडाखाली जॅक आणि ठोकळा द्यावा. मग इंजिन सरळ पुढे घ्यावं, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून पूर्ण सुटेपर्यंत तिरकं होऊ देऊ नये. इंजिनाचं वजन शाफ्टवर लटकलं की क्लचप्लेट गेली. हे पुढे घेणंही बोटाबोटाने. घोडा तिरका व्हायला लागला तर थांबून गाडीच मागे घ्यावी.

मारुती ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ते वर उचलायचं नाही, खाली उतरवायचं. पुढची चाकं ओढणाऱ्या अनेक नव्या गाड्यांतही इंजिन-गिअरबॉक्स एकत्र खालून काढणं सोपं पडतं. पण त्यात बॉडी उंच उचलून ठेवावी लागते, आणि तिथे विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावणं म्हणजे जिवाशी खेळ. ब्लॉक आधी कसलाही इशारा न देता फुटतात. आडवे-उभे रचलेले लाकडी ओंडके वापरावेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कोणी जायचं नाही. लटकत्या इंजिनाखाली तर हात, पाय, पान्यासाठी घातलेलं डोकं, काहीच नाही. पोरं आणि जनावरं लांब.

ट्रॅक्टरला हे काहीच लागू होत नाही. त्याला वेगळी चेसीस नसते, इंजिन हाच सांगाड्याचा भाग. बोल्ट सोडले की ट्रॅक्टर मधोमध दुभंगतो. ते काम रूळ आणि स्टँड असलेल्या मिस्त्रीकडेच द्यावं.

नंतरची कामं

रेडिएटरमधलं हिरवं-लाल कूलंट गोडसर असतं, कुत्री आणि जनावरं ते चाटतात आणि दगावतात. ते उघड्या टोपल्यात ठेवू नये. जळकं ऑईल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये, कॅनमध्ये भरून भंगारवाल्याला द्यावं.

जुनंच इंजिन दुरुस्त होऊन परत बसणार असेल तर कागदाचा प्रश्न नाही. दुसरं इंजिन बसवलं तर नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार हा बदल १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून आरसीवर नोंदवावा लागतो. गाडी नगरची एमएच १६ असो की श्रीरामपूरची एमएच १७, नियम एकच. इंजिन घेतानाच विकणाऱ्याकडून बिल आणि जुन्या गाडीच्या आरसीची प्रत घ्यावी, इंजिनावरचा नंबर घासलेला असेल तर व्यवहार तिथेच सोडावा.