विद्येसाठी केलेला करार

'गिरमीट' हा शब्द मजूर म्हणून परदेशी गेलेल्यांच्या वंशजांना नवा नाही. इंग्रजी 'ॲग्रिमेंट'चे ते खेड्यातील जिभेवर रुळलेले रूप होय. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येकांनी अशा कागदावर अंगठा उठवला, मुंबईच्या बंदरात जहाजावर पाऊल ठेवले आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत ठरावीक वर्षे राबण्यास स्वतःला बांधून घेतले. त्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, आंबडवे नावाचे खेडे आहे. तेथील मूळच्या एका घराण्यातील तरुणानेही १९१३ मध्ये एका करारावर सही केली. तो करार मळ्याचा नव्हता, विद्येचा होता. हा तरुण म्हणजे पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला ठाऊक झालेले भीमराव होत.

भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झालेले. परळच्या चाळीत राहून तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर संसार चालवावयाचा. पण मुलाला पुस्तक हवे म्हटले की त्यांचा हात आखडत नसे. पैसे नसले तर सासरी गेलेल्या मुलीकडून दागिना मागून आणावा, तो सावकाराकडे गहाण टाकावा आणि वेतन हाती येताच सोडवून परत करावा, असा त्यांचा क्रम असे. एवढे करूनही कॉलेजचा खर्च पेलेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी मध्यस्थी केली आणि बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधारावर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार निवर्तले. घरातील आधार गेला आणि पुढचे शिक्षण संपले, असेच कोणासही वाटले असते. परंतु त्याच वर्षी महाराजांनी अमेरिकेतील उच्च शिक्षणाचा खर्च देऊ केला. ४ जून १९१३ रोजी करार झाला. तीन वर्षे दरमहा ११.५ पौंड मिळावयाचे, ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करावयाचा आणि शिक्षण संपल्यावर १० वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावयाची, अशा त्याच्या अटी होत्या. तीन वर्षांच्या विद्येसाठी दहा वर्षांची सेवा! गरिबाच्या मुलाला विद्या क्वचितच फुकट मिळते; तिची किंमत तो आपल्या पुढील आयुष्यातून फेडतो.

१९१३ च्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या वेळच्या दराने ११.५ पौंड म्हणजे सुमारे ५६ डॉलर. एवढ्यात राहणे, जेवणे, पुस्तके हे सारे भागवावयाचे आणि शिवाय मुंबईस पत्नी रमाबाईंच्या संसारालाही काही पाठवावयाचे. ते पोटाला चिमटा घेत. पण जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मात्र त्यांचा हात सैल होई. दिवसाचा बहुतेक वेळ ग्रंथालयात जाई. प्राध्यापक सेलिग्मन यांच्याजवळ अर्थशास्त्र आणि जॉन ड्यूई यांच्याजवळ तत्त्वज्ञान ते शिकले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला.

पुढे ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ मध्ये कराराप्रमाणे त्यांना बडोद्यास नोकरीवर रुजू व्हावे लागले. ज्याला न्यूयॉर्कमध्ये विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली, त्याला स्वदेशातील शहरात अस्पृश्य म्हणून कोणी खोली देईना. एका पारशी विश्रामगृहातून जमावाने त्यांना बाहेर काढले. दहा वर्षांच्या सेवेचा करार अशा रीतीने मोडला. तो मोडला तरुणाच्या आळसाने किंवा कृतघ्नतेने नव्हे, समाजाच्या निष्ठुरतेने. महाराजांचे ऋण मात्र त्यांनी विसरले नाही. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला; त्याच प्रबंधाबद्दल कोलंबियाने १९२७ मध्ये त्यांना पीएच.डी. दिली.

जे ऋण बडोद्यात फेडता आले नाही, ते त्यांनी अन्यत्र फेडले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती येताच त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांचा आग्रह धरला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्यास सन्मान्य पदवी अर्पण केली.

दोन्ही करार कोकणच्या गरिबीतूनच निघाले. एकाने हात मळ्यास बांधले, दुसऱ्याने ग्रंथालयाचे दार उघडले. परंतु ते दार एकट्याच्या बुद्धीने उघडले नाही. त्यामागे बहिणींचे दागिने होते, एका शिक्षकाची खटपट होती आणि एका राजाचे औदार्य होते. ज्या घरी आज सुबत्ता आली आहे, त्या घराने एखाद्या गरीब मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा. त्या दागिन्यांचे व्याज याहून निराळ्या मार्गाने फिटणारे नाही.