गव्हातलं वर्तुळ आणि घरावरचे दगड

इंग्लंडमध्ये गव्हाच्या शेतांत रातोरात उमटणाऱ्या गोल नक्ष्यांबद्दल आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलंय. उडत्या तबकड्या, परग्रहवासी वगैरे! मला नेहमी वाटतं, असं वर्तुळ आपल्या कृष्णाकाठच्या खपली गव्हात उमटलं असतं तर? मालकानं बांधावर उभं राहून आभाळाकडे नसतं पाहिलं, शेजारच्या रानाकडे पाहिलं असतं. हे काम भावकीचंच! आणि भावकीवर काही शाबित झालं नाही, तर कुणीतरी हळूच म्हटलं असतं, "करणी केली असंल."

गंमत सोडा. पण या दोन मुलखांतल्या तपासाच्या तऱ्हा शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

१९८० च्या दशकात विल्टशायर-हॅम्पशायर भागात दर उन्हाळ्यात वर्तुळं दिसू लागली. टेरेन्स मीडन या हवामान अभ्यासकाने वावटळीचा सिद्धान्त मांडला. पॅट डेल्गाडो या निवृत्त इंजिनियरला त्यामागे कुठलीशी बुद्धिमान शक्ती दिसली. मग सप्टेंबर १९९१ मध्ये साउदॅम्प्टनचे डग बोवर आणि डेव्ह चॉर्ली हे साठीतले दोन मित्र 'टुडे' या वृत्तपत्रातून पुढे आले. आम्हीच करतो म्हणाले. साहित्य काय, तर एक फळी, दोरी आणि नेम धरायला टोपीला अडकवलेलं तारेचं कडं! ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चालत गेलं की पिकात पावलांचा मागही राहत नाही. त्यांनी केलेली एक नक्षी डेल्गाडोंना दाखवली, तेव्हा त्यांनी ती अस्सल ठरवली. खरं कळल्यावर आपण फसल्याचं त्यांना जगासमोर कबूल करावं लागलं.

वर्तुळं थांबली का? छे! २००१ मध्ये मिल्क हिलवर ४०९ वर्तुळांची अवाढव्य नक्षी उमटली.

आता आपल्याकडे या. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकले, मिरजेत एम.बी.बी.एस. झाले आणि साताऱ्यात दवाखाना चालवला. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. समितीकडे भानामतीची प्रकरणं यायची. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, शिजवलेल्या अन्नात घाण सापडते. सगळं घर भेदरलेलं, आणि देवऋषी कुणाचं तरी नाव घ्यायला टपलेला. ते नाव घेतलं गेलं, की त्या माणसाचं गावात जगणं संपलंच.

कार्यकर्ते जाऊन घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलत. दगड पडला तेव्हा कोण कुठे होतं, आधी कुणी पाहिलं, कोण घरात नसलं की काही घडत नाही... हात बहुधा घरातल्याच कुणाचा तरी निघे. पुष्कळदा सासुरवासाने पिचलेली सून, किंवा मनातलं कुणालाच सांगता न येणारी एखादी पोर. तिच्याशी एकांतात बोलायचं, तिचं दुखणं समजून घ्यायचं, हे थांबव म्हणायचं. दगड थांबत. आणि तिचं नाव मात्र जाहीर करायचं नाही, हा दंडक.

मला या दंडकाचं फार मोल वाटतं. डग आणि डेव्हला नाव सांगून गमावण्यासारखं फारसं काही नव्हतं, त्यांच्यासाठी तो खेळच होता. भानामती करणाऱ्या सुनेचं नाव फुटलं असतं, तर तिला माहेरीही थारा मिळाला असता की नाही कोण जाणे. 'कसं झालं' हे शोधायला फळी-दोरी पुरते. 'का झालं' हे शोधायला समोरच्याच्या शेजारी बसावं लागतं, आणि कळलेलं पोटात ठेवावं लागतं.

असं शेजारी बसणाऱ्या या डॉक्टरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. ज्यासाठी ते वर्षानुवर्षं खेटे घालत होते, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला.

असो. गहू काय, वाऱ्यानेही लोळतो. माणूस आडवा पडलेला दिसला, तर मात्र कुणी पाडलं आणि का, हे विचारलंच पाहिजे.