मागच्या बाकावरचा पोलीस

१९८७ साली कॅनन कंपनीने ‘अंडर कव्हर’ नावाचा चित्रपट काढला. दिग्दर्शक जॉन स्टॉकवेल, म्हणजे ‘टॉप गन’मधला धीर सुटलेला वैमानिक कूगर, दिग्दर्शनातला त्याचा हा पहिलाच प्रयत्न. बाल्टिमोरचा तरुण पोलीस साऊथ कॅरोलायनातल्या एका हायस्कुलात विद्यार्थी बनून शिरतो आणि अमली पदार्थांच्या धंद्याचा माग काढतो, अशी गोष्ट. जेनिफर जेसन लीसारखी नटी असूनही चित्रपट आला नि गेला. त्याच वर्षी एप्रिलात जॉनी डेपची ‘ट्वेंटी-वन जंप स्ट्रीट’ ही मालिका सुरू झाली होती, त्यामुळे ‘अंडर कव्हर’ची आज कोणी आठवण काढलीच तर तिची स्वस्तातली नक्कल म्हणून. हा न्याय मला चुकीचा वाटतो. नकलेचाच शोध घ्यायचा तर मूळ प्रत पोलीस खात्यात सापडते.

लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९७४ मध्येच ‘स्कूल बाय’ नावाची मोहीम सुरू केली होती. कोवळ्या चेहऱ्याचा शिपाई निवडायचा, खोटे नाव आणि खोटी कागदपत्रे देऊन त्याला शाळेत घालायचे. मग त्याने बाकावर बसायचे, गृहपाठ बुडवायचा, डबा खाताना ओळखी वाढवायच्या आणि हळूच विचारायचे, ‘माल मिळेल का?’ प्रत्येक खरेदीची नोंद ठेवायची. अटका मात्र लगेच नाहीत, काही महिन्यांनी एकदम. मोहिमेचे नावच ‘खरेदी’ आहे, हे विसरू नये. पोलीस इथे आधी गिऱ्हाईक होता. पडद्यावर नेमके हेच बदलले. चित्रपटाला खलनायक लागतो, खून लागतो, मुलांच्या आडून धंदा करणारा बडा मासा लागतो. प्रत्यक्षात जाळ्यात बहुतेक यायचे ते मित्राला चिमूटभर गांजा आणून देणारे पोर. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला फितवून अटक करणारा नायक प्रेक्षकांना पचला नसता. बडा मासा दाखवला की तोच खेळ शौर्याचा ठरतो. ‘अंडर कव्हर’ विसरला गेला, पण त्याने दाखवलेली समजूत टिकली.

यावर कोणी म्हणेल, त्या काळातला धोका काय कल्पनेतला होता? नव्हता. कोकेनचे प्रमाण शाळांतही वाढले होते. त्याच १९८७ च्या ऑक्टोबरात टेक्सासमधल्या मिडलोदियन गावी विद्यार्थी बनून वावरणारा २१ वर्षांचा पोलीस जॉर्ज रॅफिल्ड याचा गोळी घालून खून झाला, आणि पकडली गेली ती शाळेतलीच मुले. हा पुरावा जड आहे, तो बाजूला सारता येत नाही. पण वेषांतराचा खेळ त्यात उतरणाऱ्यालाही किती महागात पडतो, हेसुद्धा त्यातूनच दिसते. शाळाशाळांत बडे मासे दडले होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. मिशिगन विद्यापीठाची वार्षिक पाहणी पाहा : महिन्याभरात गांजा ओढल्याचे सांगणारे बारावीचे विद्यार्थी १९७८ मध्ये सुमारे ३७ टक्के होते, १९८७ मध्ये २१ टक्क्यांच्या आसपास. पडद्यावर शाळेतल्या पोलिसांची चलती झाली तेव्हा शाळेतला गांजा ओसरत होता.

दुसरा आक्षेप कायद्याचा. मिशिगनमधल्या वॉरन इथल्या शाळेत वर्गात गुप्त पोलीस बसवले, त्यावर खटला झाला. वर्गातल्या मोकळ्या चर्चेवर याने दडपण येते, ही तक्रार संघीय अपील न्यायालयाने १९८३ मध्ये मानली नाही. ठीक आहे, पण न्यायालयापुढे प्रश्न होता राज्यघटनेचा. मोहिमेतून हाती काय लागते, हा हिशेब तिथे मांडलाच गेला नाही. तो लॉस एंजेलिसमध्ये मांडला गेला, तोही तीसएक वर्षांनी. विशेष शिक्षण घेणारी बरीच मुले सापडतात आणि माल म्हणजे थोडासा गांजा, अशी टीका झाली आणि ‘स्कूल बाय’ गुंडाळण्यात आली.

इतरत्र ती पद्धत चालूच राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला भागात अशाच मोहिमेत २२ विद्यार्थ्यांना अटक झाली. त्यांत एक स्वमग्न मुलगा होता. ‘मित्र’ झालेल्या पोलिसाने मागे लागून त्याच्याकडून गांजा मागवला होता. शाळेने त्याला काढून टाकायचे ठरवले. त्याला परत घ्या, असा निर्णय २०१३ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशाने दिला.